रुमाल आणि गूळ

तोंडाला बांधलेला रुमाल आणि संध्याकाळी खाल्लेला गुळाचा खडा. आपल्या वस्त्यांमधल्या स्प्रे पेंटरांच्या फुप्फुसांसाठी आपण केलेली सोय एवढीच आहे. कुर्ल्याचं गॅरेज असो, ओशिवऱ्याचा फर्निचरचा कारखाना असो की मुंब्र्यातला पत्र्याचा गाळा, उस्ताद शागिर्दाला हेच सांगतो: रुमाल बांध, गूळ खा, छाती साफ राहते. हे साफ खोटं आहे. गूळ पोटात जातो, हवा फुप्फुसात. रुमाल थोडीफार धूळ अडवेल. वाफ आणि बारीक तुषार अडवत नाही.

लाकडाला आरशासारखी चमक देणारं पीयू पॉलिश आणि गाड्यांचा पीयू पेंट दोन डब्यांत येतो. दुसऱ्या डब्यात हार्डनर असतो आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधली रसायनं त्याच्याइतकी सहज उडत नाहीत, हे खरं. पण स्प्रे गनमधून फवारली की त्यांचे तुषार गाळाभर पसरतात, आणि दिसेनासे झाल्यावरही काही वेळ हवेत राहतात. कारागीर वासावर भरवसा ठेवतो, पण नाकाला झोंबतो तो थिनरचा वास. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत ते धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं.

त्यातून जडतो तो दमा. एकदा शरीर या रसायनाविरुद्ध बिथरलं, की पुढे त्याचा अगदी थोडा अंशही धाप लावायला पुरतो. मग औषधं घेत तेच काम करत राहणं हा इलाज नव्हे. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेनुसार तिथल्या गाड्यांच्या स्प्रे पेंटरांना दम्याचा धोका इतर कामगारांपेक्षा सुमारे 80 पट जास्त असतो. आणि तिथे स्प्रे बूथ आहेत, नळीतून स्वच्छ हवा पुरवणारे मास्क आहेत. आपल्याकडे रुमाल आहे.

कायदा नाही का? आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ‘आयसोसायनेट विषबाधा’ हा नोंदवण्याचा आजार म्हणून दिलेला होता. रोगी कारखान्याचा कामगार असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरनं कारखाना निरीक्षकाला कळवायचं होतं. पण वीज वापरणारा कारखाना ठरायला मूळ कायद्यात दहा कामगार लागत. 2020 च्या नव्या संहितेनं ती संख्या वीसवर नेली. आमच्या गाळ्यात माणसं चार. म्हणजे विष तेच, फुप्फुस तेच, पण डोकी कमी भरली म्हणून आजारच नाही! जुन्या कायद्याच्या कलम 85 नं लहान जागांनाही हे नियम लावायचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. अधिकार कागदावर होता आणि पॉलिशवाला गाळ्यात खोकत होता.

सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं, की मुस्लिम कष्टकरी मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि असंघटित कामांत आहेत. तो अहवाल आपण नोकऱ्यांचे टक्के सांगायला वापरतो. त्याचा दुसरा अर्थही वाचायला हवा: जिथे निरीक्षक पोहोचत नाही, तिथेच आपली माणसं जास्त आहेत.

पण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होता येणार नाही. गाळ्याचा मालक बहुतेकदा आपल्यातलाच असतो. ‘तकदीर में था’ म्हणणारे आपणच. मी शिक्षक आहे. वर्गातून गळालेली मुलं कुठे जातात ते मला दिसतं. पंधरा वर्षांचा मुलगा कॉम्प्रेसरशेजारी उभा असतो आणि आपण म्हणतो, चला, हुनर शिकतोय. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावायला 2016 पासून कायद्यानं मनाई आहे. हुनर शिकवा, जरूर शिकवा, पण त्याची फी फुप्फुसानं घेऊ नका.

मालक म्हणतात, मास्क परवडत नाही. कॉम्प्रेसर परवडतो, स्प्रे गन परवडते, हार्डनरचा डबा परवडतो. फक्त श्वास परवडत नाही? फवारणीसाठी वेगळी बंद खोली आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. फवारताना आणि नंतर हवा साफ होईपर्यंत बाकीच्यांना तिथे मज्जाव हवा. दाढीवर घट्ट मास्क नीट बसत नाही, कडेनं हवा शिरते. म्हणून स्वच्छ हवा पुरवणारा सैल हूड मिळतो, तो द्या. चार गाळ्यांनी मिळून एक खोली उभारली तर हा खर्च कुणाला बुडवणार नाही.

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनो, खोकल्याचं औषध लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: काम काय करता? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? आणि ते केसपेपरवर लिहा. दोन ओळींची ती नोंद नसेल, तर तो माणूस कशानं गेला हे त्याच्या मुलांना कधीच सिद्ध करता येणार नाही.

आणि आपण गिऱ्हाईक. कपाटाची चमक बोटानं तपासतो, भाव पाडतो. पुढच्या वेळी एवढंच विचारा: हे फवारलं कुठे, आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर काय होतं? उत्तर ‘रुमाल’ असेल तर ऑर्डर देऊ नका.