न्हाणीतली दांडी

परवा सकाळी गावाकडून आईचा फोन आला. "अण्णा आज एकटेच न्हाणीत जाऊन आंघोळ करून आले," एवढं एकच वाक्य सांगायला तिने फोन केला होता. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. डोळ्यात पाणी आलं आणि शेजारच्या माणसाला वाटलं असेल, काहीतरी वाईट बातमी आहे.

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, पण संडास-मोरीवर काय लिहायचं, लोक हसतील, असं वाटून राहून जात होतं. आता लिहितोच. नातेवाईक मंडळी वाचतात हे माहीत आहे, तेव्हा काहींना राग येईल. येऊ दे.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. अण्णा शिक्षक होते, आता वय 79. मागच्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे ते न्हाणीत पडले. अंगाला तेल, उटणं, खाली साबणाचं पाणी, आणि पायाखाली गुळगुळीत चकचकीत टाईल्स. त्या टाईल्स कोणी बसवल्या होत्या? मी. चार वर्षांपूर्वी हौसेने. आधी तिथे साधी शहाबादी फरशी होती, खडबडीत, काळपट, सांध्यांत शेवाळ धरणारी. "पाहुणे येतात, बरं दिसत नाही" म्हणून मी ती उखडून टाकली. त्या खडबडीत फरशीवर अण्णा पन्नास वर्षं आंघोळ करत होते आणि एकदाही पडले नव्हते. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही, दोष माझाच आहे.

पण पडणं ही अर्धीच गोष्ट. खरी फजिती पुढे झाली. अण्णांनी आतून कडी लावलेली. दार आत उघडणारं, आणि ते पडले ते नेमके दाराला टेकून. आई बाहेरून हाका मारतेय, आतून नुसतं कण्हणं. भावाने खिडकीची जाळी तोडून धाकट्या पुतण्याला आत सोडलं, त्याने कडी काढली, तरी दार उघडेना, कारण अण्णांना ढकलल्याशिवाय ते उघडणारच नव्हतं. शेवटी बिजागऱ्या काढल्या. या सगळ्यात पाऊण तास गेला. खुब्याचं हाड मोडलेला माणूस पाऊण तास ओल्या फरशीवर. घर बांधताना न्हाणीचं दार बाहेर उघडावं, कडी बाहेरून सरकवता यावी, हे आपल्याला कुणीच का सांगत नाही? वास्तुशास्त्रवाले मात्र संडास कोणत्या दिशेला हवा ते तासभर सांगतात!

सोलापूरला ऑपरेशन झालं. चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, उकिडवं बसायचं नाही, खाली मांडी घालायची नाही, खुर्चीही गुडघ्यापेक्षा खाली नको. आम्ही माना डोलावल्या. गाडी वाशीच्या पुढे आली तेव्हा भावाने विचारलं, "दादा, मग हे संडासला कसं बसणार?" गाडीत सगळे गप्प.

आमच्याकडचा संडास 2016 साली अनुदानातून बांधलेला. बारा हजार रुपये मिळाले होते, वरचे घरातून घातले. तीन बाय चार फुटांची खोली, मध्ये भारतीय पद्धतीचं भांडं, दोन फुटी पत्र्याचं दार, आणि शोषखड्ड्यासाठी उंचावर घेतल्यामुळे दोन पायऱ्या. गावातले बहुतेक संडास असेच. मी त्या योजनेला नावं ठेवणार नाही. त्याआधी आई पहाटे अंधारात टमरेल घेऊन ओढ्याकडे जायची, ते मी पाहिलेलं आहे. पण तो संडास धडधाकट माणसाला धरून बांधलेला आहे, आणि धडधाकट माणूस हा काही कायमचा तसा राहत नाही. 2015 मध्ये केंद्राच्या पेयजल आणि स्वच्छता मंत्रालयाने अपंगांसाठी घरगुती संडास कसा असावा याची मार्गदर्शिका काढली होती. त्यात आधाराच्या दांड्या, उतार, रुंद दार, सगळं होतं. आमच्या गवंड्यापर्यंत ती पोचली नाही.

तर आम्ही सोलापुरातूनच कमोडची खुर्ची आणली होती. खाली बादली असलेली, घडी होणारी. ती अण्णांच्या खोलीत ठेवली. दोन दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीपलीकडे देवघर. "घरात? देवाच्या शेजारी? त्यापेक्षा मेलेलं बरं." वहिनीने बादली उचलायची म्हटल्यावर तर विषयच संपला. सुनेने आपली घाण उचलायची ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. मग त्यांनी आपल्यापुरता उपाय शोधला. पाणी पिणं सोडलं. जेवण अर्धी भाकरी. आम्हाला वाटलं ऑपरेशनमुळे भूक गेली असेल. आठव्या दिवशी ताप, लघवीत जंतू, पुन्हा सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, पाणी का पीत नाही?" तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पाणी प्यायलं की जावं लागतंय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मंडळी, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस लग्नाला यायला, प्रवासाला यायला नाही म्हणत असेल, संध्याकाळी चहा नको म्हणत असेल, तर एकदा विचारून बघा, की तिथल्या संडासाची भीती आहे का. ते आपणहून सांगणार नाहीत. आपल्याकडे गुडघेदुखीवर तासन्‌तास बोलतात, पण त्या गुडघ्यांनी सकाळी नेमकं काय करता येत नाही, यावर कोणी बोलत नाही.

ही लाज आधी इतकी नव्हती असं मला वाटतं. की होती, आणि गरजेपुढे टिकली नाही? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला भूकंप झाला, तेव्हा लोहाऱ्याकडच्या आमच्या एका लांबच्या आत्याच्या कमरेवर माळवदाची भिंत पडली. त्या पट्ट्यातली घरं दगड आणि मातीची, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर मातीचं जड छत. ती वाचली, पण पुढे कधी नीट उभी राहिली नाही. पुनर्वसनात जमिनीच्या हिशोबाने 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. संडासात लोकांनी सरपण नि गोवऱ्या भरून ठेवल्या, हे मी तिथे स्वतः पाहिलंय. आत्यासाठी तिच्या नवऱ्याने बाजेची सुंभं मधोमध कापून भोक केलं, खाली घमेलं, आणि डोक्यावरच्या लोखंडी कडीला एक दोर बांधला, धरून उठायला. दोन रुपयांचा दोर. दुकानातल्या महागड्या पलंगांना जी वरून लोंबणारी मूठ असते ती हीच की! माझी आजी सांगायची, पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत तुळईला असाच दोर बांधत. म्हणजे धरायला काहीतरी लागतं, हे आपल्या लोकांना माहीत होतं. स्टीलचं आलं आणि त्याचं नाव 'पेशंटचं सामान' झालं, तेव्हा आपण ते नाकारायला लागलो.

असो. अण्णांचं काय केलं ते सांगतो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी मी पुण्याहून स्टीलच्या दोन दांड्या घेऊन गेलो. गवंडी म्हणाला, "टॉवेलची दांडी हायच की साहेब." टॉवेलच्या दांडीला लटकून बघ म्हटलं. तो लटकला, दांडी हातात आली. मग आणलेली दांडी बसवायला घेतली, तर न्हाणीची एक भिंत चार इंची विटेची, आणि दुसरी, जिथे दांडी हवी होती ती, जुन्या घराची दगडमातीची. ड्रिल मारलं की भुसभुशीत माती बाहेर. स्क्रू आत फिरतो पण धरत नाही. अशा भिंतीत लावलेली दांडी नसलेल्या दांडीपेक्षा वाईट, कारण माणूस भरवशाने धरतो.

इथे आमचा वेल्डिंगवाला देवासारखा आला. गावात गेट, ग्रील, गोठ्याचे पाईप करतो. अण्णांचा विद्यार्थी, चौथीत त्यांच्या हातचा मार खाल्लेला. त्याने भिंतीचा नादच सोडला. दीड इंची पाईप उलट्या यू सारखा वाकवला, दोन्ही पाय फरशीत फूटभर खोल काँक्रीटमध्ये गाडले. एक न्हाणीत, आणि संडासात भांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. उंची त्याने मापपट्टीने घेतली नाही. अण्णांना खुर्चीवर बसवलं, "गुरुजी, उठायला हात कुठं टेकवताव?" विचारलं आणि तिथे खडूने खूण केली. ओला पाईप निसटतो म्हणून वर काथ्या गुंडाळला. मी आणलेल्या दांड्यांना अठराशे रुपये पडले होते, याचं काम मजुरीसकट साडेतीन हजारांत झालं, आणि ते हलत नाही. मी माझ्या पंच्याऐंशी किलोंनी तपासलं आहे.

कमोडच्या खुर्चीची बादली काढून ती खुर्ची सरळ भारतीय भांड्यावर मांडली. बसली बरोबर. ना घरात संडास, ना कुणी बादली उचलायची. अण्णांची तक्रारच संपली. राहिल्या दोन पायऱ्या. मला उतार हवा होता, पण एक इंच चढायला बारा इंच लांबी धरतात. चौदा इंचांना चौदा फूट! आमच्या परसात तेवढ्यात लिंबाचं झाड आणि पाण्याची टाकी येते. मग दोनच्या चार पायऱ्या केल्या, साडेतीन इंचांच्या, पाय पूर्ण मावेल अशा रुंद, बाजूने तोच पाईप. दार काढून बाहेर उघडणारं केलं. टाईल्सवर छिन्नीने टाचे मारले. दिसायला भयानक. मला फार आवडतात.

आता थोडं रागाचं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. 65 वर्षांवरच्या, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच तीन हजार रुपये, थेट खात्यात. त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमरेचा पट्टा यांच्याबरोबर कमोड खुर्चीही आहे. यादी करणाऱ्याला मी मनापासून नमस्कार करतो. पण खुर्ची मिळाली तरी ती दोन फुटी दारातून आत जायची कशी आणि दोन पायऱ्या चढायच्या कशा? वस्तूला पैसे आहेत, गवंड्याला आणि वेल्डरला नाहीत. जपानमध्ये 2000 पासून दीर्घकाळच्या शुश्रूषेचा विमा आहे, त्यात वस्तूंशिवाय घरातल्या दुरुस्तीसाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरतात. त्यात आधाराच्या दांड्या, उंबरा काढणं, न घसरणारी फरशी, दार बदलणं, संडासाचं भांडं बदलणं हे सगळं येतं, आणि बहुतांश भार विमा उचलतो. आपण जपान नाही, कबूल. पण जुन्या संडासात दोन पाईप गाडायला एखादा हजार रुपयांचा कप्पा ठेवता येणार नाही इतके गरीबही नाही. पडून झालेल्या दुखापतींनी जगात वर्षाला सहा लाख चौऱ्याऐंशी हजार माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात साठीच्या पुढचे सर्वात जास्त. अण्णांच्या ऑपरेशनच्या बिलात आख्ख्या गल्लीतल्या संडासांना पाईप लागले असते.

सरकारचं सोडा. आपलं काय? आमच्याच भाऊबंदात एकाने मागच्या वर्षी सव्वा लाखाची कमान आणि गेट केलं. त्याची आई, आमची काकू, न्हाणीत प्लास्टिकच्या स्टुलावर आंघोळ करते, ज्याचा एक पाय फाकलेला आहे. मी म्हटलं, पाईप बसवून घे. तो म्हणाला, "आई अजून चांगली हिंडती की, कशाला अपशकुन?" अण्णाही पडायच्या आधी हेच म्हणाले असते, आणि मीही.

आणि एक सांगायचं राहिलं. न्हाणीतला नळ आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी ढिला व्हायचा. वर्षानुवर्षं. प्लंबर यायचा, घट्ट करायचा, "पाण्यात क्षार लई हाय" म्हणायचा. पाईप बसवल्यापासून नळ हललेला नाही. परवाच्या फोनवर मी आईला सहज विचारलं, तर म्हणाली, "आता पाईपाला धरून उठते ना मी." तिचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. दहा वर्षं ती नळाला धरून उठत होती, आणि आम्ही दोघं भाऊ प्लंबरला पैसे देत होतो.

पुढच्या शनिवारी गावी जातोय. वेल्डिंगवाल्याला सांगून ठेवलंय. काकूच्या घरी जायचं आहे, तिच्या मुलाला आधी न सांगता.