लीगचं वेळापत्रक नेमकं ठरवतं कोण?

इंडियन सुपर लीगबद्दल थोडं स्पष्ट लिहितोय.

एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी ही लीग या वेळी १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाली. का? पाऊस आडवा आला? मैदानं नव्हती? छे! फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, म्हणून. करार कधी संपणार हे २०१० पासून माहीत होतं. तरी जुलैत कंपनीने हंगाम थांबवला, तेव्हा फेडरेशनच्या हाती काहीच तयार नव्हतं. पुढे टेंडर काढलं, तर एकही बोली आली नाही. शेवटी जानेवारीत तारीख जाहीर केली ती केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी!

कोर्टामुळे हात बांधलेले होते, असं सांगतात. खरं आहे. पण फेडरेशनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०१७ पासून होतं. आठ वर्षांत पर्यायी योजना सुचू नये?

भोगलं कोणी? काही क्लबांनी पगार थांबवले. ऑक्टोबरात एफसी गोवा फातोर्ड्यात अल नासरसारख्या संघासमोर उतरला, तोही हंगामातला लीगचा एकही सामना न खेळता. १-२ असा हरला, पण लढून.

आणि आता वेळ कमी म्हणून एकेरी फेरी. १४ संघ, ९१ सामने, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १३. दुहेरी फेरीत २६ झाले असते. एकेरीत तगडा संघ तुमच्या घरी येणार की तुम्ही त्याच्या घरी जाणार, हे एकदाच ठरतं. परतीचा सामनाच नाही. कुणाला घरचे सामने जास्त, कुणाला कमी. याला लीग म्हणायचं?

इंग्लंडमध्येही टीव्हीवाले सामने इकडचे तिकडे करतात. पण तिथली लीग क्लबांच्याच मालकीची आहे आणि ऑगस्टमधल्या हंगामाचं वेळापत्रक जूनमध्ये लोकांच्या हातात असतं. टीव्हीसाठी सामना हलतो, हंगाम गायब होत नाही.

माझं म्हणणं एवढंच: आधी तारखा ठरवा, मग त्या तारखांसकट हक्क विका. कंपन्या येतील-जातील, हंगाम वेळेवर सुरू झालाच पाहिजे. वेळापत्रक ठरवताना क्लब आणि खेळाडू टेबलावर हवेत, नुसते प्रेस नोटची वाट बघत नकोत.

मुंबई सिटीवाले असा की गोव्याचे, पुढच्या हंगामाची तारीख आत्ताच मागा. ऑगस्टमध्ये ओरडून काही उपयोग नाही.