आसूड कुणाच्या हाती?

परवा शब्दकोश चाळताना 'स्कर्ज' या इंग्रजी शब्दापाशी अडकलो. वर्तमानपत्रांत तो रोगराई, दुष्काळ, भ्रष्टाचार अशा संकटांसाठी भेटतो. मुळात मात्र तो साधा आसूड! लॅटिनमध्ये 'कोरिजिया' म्हणजे चामड्याची वादी. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे १३व्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत आला. हूणांचा राजा अ‍ॅटिला 'देवाचा आसूड' म्हणवला गेला, तशा साथीही देवाच्याच आसूड ठरल्या. १३४८ मध्ये इंग्लंडात प्लेग शिरला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रस्त्यांत परदेशातून आलेले काही लोक गाठीच्या तीन पदरी आसुडांनी स्वतःच्याच पाठी रक्तबंबाळ करताना दिसले.

रोगाला हा शब्द लावणं मला पटत नाही. आसूड म्हटला की मारणारा आला, आणि मार खाणाऱ्याचा गुन्हाही आला. प्लेगात गेलेल्या तान्ह्या लेकरांचा कसला गुन्हा?

(वर्गात छडी मीही चालवली आहे, खोटं कशाला बोलू! उशिरा आलेल्या एका मुलाला मारली. नंतर कळलं, आईचं औषध आणायला तो पहाटेच तालुक्याला गेला होता.)