गुण किती केले, एवढेच मोजणार काय?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, ड्रेमंड ग्रीनने गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाकडून २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार अजिंक्यपदे मिळवली. कारकिर्दीत त्याची सामन्यामागे सरासरी मात्र ९ गुणांच्याही आत राहिली. त्याच लीगमध्ये २० पेक्षा अधिक सरासरी असलेले कितीतरी खेळाडू एकही अजिंक्यपद न जिंकता निवृत्त झाले. मग ग्रीन थोरांच्या पंगतीत फुकट जेवून गेला, की मोजणाऱ्यांचेच माप अपुरे आहे? या प्रश्नाचा निवाडा आवडीनिवडीवर नव्हे, पुराव्यावर झाला पाहिजे.

२०१२ च्या खेळाडू-निवडीत ग्रीनच्या आधी ३४ जणांची नावे पुकारली गेली. खुद्द वॉरियर्सनेही त्याच रात्री हॅरिसन बार्न्स आणि फेस्टस इझेली या दोघांना त्याच्या आधी घेतले. ग्रीनची उंची सुमारे साडेसहा फूट. उंच खेळाडूंशी झुंजायला तो ठेंगणा आणि चपळ खेळाडूंमागे धावायला संथ, असा शेरा मारला गेला. म्हणजे तो कोणत्याच ठरलेल्या चौकटीत बसत नव्हता. पुढे हेच त्याचे बळ ठरले. कसे, ते पाहू.

हल्ला करणारा संघ काय करतो? चेंडू ज्याच्या हाती आहे त्याच्यावरील बचावपटूच्या वाटेत एक सहकारी भिंतीसारखा उभा राहतो. यालाच स्क्रीन म्हणतात. बचावपटू अडकतो आणि चेंडूवाला मोकळा सुटतो. यावर उपाय म्हणजे दोन बचावपटूंनी आपापले प्रतिस्पर्धी बदलून घेणे. पण तसे केले की संथ, उंच गड्यासमोर चपळ खेळाडू येतो आणि बुटक्या गड्यावर धिप्पाड खेळाडू चालून जातो. या दोन्ही ठिकाणी टिकणारा गडी म्हणजे ग्रीन. शिवाय कोण कोठून येत आहे हे बाकीच्या चौघांना ओरडून सांगणे आणि ऐनवेळी मदतीला धावणे, हेही त्याचेच काम. त्याला समोर पाहून प्रतिस्पर्ध्याने मुसंडी मारण्याचे टाळले आणि चेंडू मागे फिरवला, तर त्याची नोंद कोठे होते? कोठेच नाही. क्रिकेटमध्ये अडवलेली धाव धावफलकावर दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे.

२०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँड संघ २-१ ने पुढे होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळले, आंद्रे इगुदालाला आत घेतले आणि सेंटरची जबाबदारी ग्रीनवर टाकली. त्याच्यासमोर सात फुटांहून उंच टिमोफी मोझगॉव्ह होता. मोझगॉव्हने त्या सामन्यात २८ गुण केले, तरी क्लीव्हलँड हरला. पुढच्या सामन्यात तर मोझगॉव्हला जेमतेम ९ मिनिटे खेळवण्यात आले. वॉरियर्सने सलग तीन सामने जिंकून ४० वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. नुसते आकडे वाचणारा म्हणेल, मोझगॉव्ह गाजला. निकाल वेगळेच सांगतो.

रकान्यांचा हा दोष जुनाच आहे. बिल रसेल बोस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे जिंकून १९६९ मध्ये निवृत्त झाले. एनबीएने ब्लॉक आणि स्टील अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात! ज्या कामासाठी रसेल ओळखले जातात, त्याचा अधिकृत आकडाच अस्तित्वात नाही. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेन यांनी सामन्यामागे ५० गुणांची सरासरी राखली, तरी त्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले रसेल. त्या काळी हा मान खेळाडूंच्या मतांनी दिला जात असे. मैदानावर घाम गाळणाऱ्यांना जे ठाऊक होते, ते नोंदवहीत नव्हते. म्हणूनच रकाने कोण आखतो, हा प्रश्न नेहमी विचारला पाहिजे.

आता उलट बाजूही ऐकली पाहिजे. आक्षेप असा की ग्रीनचे मोठेपण स्टीफन करीच्या सावलीतले आहे. हा आक्षेप पोकळ नाही. २०१९-२० मध्ये करी दुखापतीमुळे केवळ ५ सामने खेळला, क्ले थॉम्पसन एकही खेळला नाही, केव्हिन ड्युरँट संघ सोडून गेला होता. ग्रीन ४३ सामने खेळला, पण वॉरियर्सने १५ सामने जिंकले आणि ५० गमावले. खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला वा मागे पडला, याचा हिशेब म्हणजे प्लस-मायनस. हे माप उपयोगी खरे, पण सोबत करी असेल तर श्रेय कोणाचे, हे ते एकटे सांगू शकत नाही.

एखाद्या सामन्यावरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे. २०१६ च्या अंतिम मालिकेत वॉरियर्स ३-१ ने पुढे असताना ग्रीन पाचव्या सामन्यासाठी निलंबित झाला. संघ ११२-९७ ने हरला आणि अखेर मालिकाही गेली. त्याचे समर्थक हाच दाखला देतात. पण त्याच सामन्यात बोगटही जखमी झाला, हे ते सांगत नाहीत. २०२३ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध ग्रीन पुन्हा निलंबित होता, तेव्हा वॉरियर्सने ११४-९७ असा विजय मिळवला, हे तर मुळीच सांगत नाहीत. एका साक्षीदारावर खटल्याचा निकाल लावायचा नसतो.

नावे बाजूचा हिशेबही मांडलाच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरावात त्याने सहकारी जॉर्डन पूलला ठोसा मारला. २०२३ च्या उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी चार वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार केला. त्याच नोव्हेंबरमध्ये रूडी गोबेरची मान आवळल्याबद्दल ५ सामन्यांचे आणि डिसेंबरमध्ये युसुफ नुर्किचला फटका मारल्याबद्दल बेमुदत निलंबन झाले. दुसऱ्या वेळी १२ सामने हुकले. जो खेळाडू मैदानाबाहेर बसला, त्याच्या बचावाचे मोल त्या दिवशी शून्य असते.

मग निवाडा काय? ग्रीन एकट्याच्या बळावर संघ तारून नेणारा खेळाडू नाही. मात्र गुण करणारे सोबत असतील, तर त्यांना निर्धास्तपणे खेळता येईल अशी जमीन तो तयार करतो. १० फेब्रुवारी २०१७ रोजी मेम्फिसविरुद्ध त्याने फक्त ४ गुण केले. सोबत १२ रिबाउंड, १० असिस्ट आणि १० स्टील. गुण दोन आकडी नसताना इतर तीन रकान्यांत दोन आकडी मजल मारण्याची एनबीएच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ होती. त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा मानही त्यालाच मिळाला. चार अजिंक्यपदे अपघाताने मिळत नसतात.

आपल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर संघ निवडणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलाचे नाव सर्वांना पाठ असते. त्याला मोकळे कोणी केले, मागची जागा कोणी सांभाळली, समोरच्याला कोणी रोखून धरले, हेही विचारा. एका सामन्यावर नव्हे, अनेक सामन्यांवर नजर ठेवा, चुकाही लिहा आणि मगच किंमत ठरवा. ज्याचे काम वहीत मावत नाही त्याला बिनकामाचा ठरवण्यापूर्वी, आधी वहीत नवा रकाना आखा.