लाकडाचे कूळ

उत्तम इलेक्ट्रिक गिटारीसाठी नामवंत लाकूडच हवे, या श्रद्धेविषयी आम्हांस शंका आहे. लंडनलगतच्या फेल्टममध्ये १९६३ साली ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. दांडीसाठी वापरली ती शतकाहून जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतील महोगनी. तिच्यातील किडीची भोके आगकाड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओक घेतले. हीच गिटार पुढे ‘क्वीन’च्या गाण्यांत वाजली, २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरही.

वस्तुतः इलेक्ट्रिक गिटारीत पिकअप टिपतो तो पोलादी तारांचा कंप. लाकडाचे पहिले काम तारांचा ताण न वाकता पेलण्याचे. अर्थात, हाताशी येईल ते कोणतेही लाकूड चालते, असे आम्ही म्हणत नाही. ती चौकट वर्षानुवर्षे वाळून स्थिरावली होती आणि बापलेकांनी तिच्यावर सुमारे दोन वर्षे मेहनत घेतली. जवळचे म्हणून ते थोर ठरले नाही. पारखून घेतल्याने ठरले.

साहित्यविचारातही आपण सामग्रीचे कूळ फार विचारतो. बोली कोणती, अनुभव कुठला, हे विचारावेच. पण ती किती मुरली आहे आणि ताण पेलते का, हे आधी पाहावे.