पतसंस्थेच्या दाराशी कंत्राटी कामगार

जयपूरच्या मालवीय नगरात औद्योगिक वसाहत आहे, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, आणि अशा प्रत्येक परिसराप्रमाणे तेथेही कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारा मोठा वर्ग आहे. घरातल्या दुखण्यासाठी वीस हजार रुपये उभे करायचे झाले, की कायम नोकराची पावले पगारदारांच्या पतसंस्थेकडे वळतात. दोन सहकारी जामीन राहतात, हप्ता पगारातून कापला जातो. या कपातीला १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने मुभा दिली होती. आजच्या वेतन संहितेतही ती आहे. त्याच इमारतीत झाडू मारणाऱ्याला मात्र पहिल्याच प्रश्नाला अडवले जाते : तुम्ही कायम आहात काय?

सहकाराची मूळ कसोटी ही नव्हे. १९०४च्या कायद्याने एका गावचे वा शहरचे अठरा वर्षांवरील किमान दहा जण एकत्र आले तरी पुरे मानले होते. एकमेकांना ओळखणे हीच पत होती. 'कायम सेवक' ही अट बहुधा संस्थेच्या पोटनियमांतून येते, आणि ते पोटनियम सभासदांनीच केलेले असतात. ही गोष्ट संघटित कामगाराला अवघडल्यासारखी वाटावी; ती तशी आहेच.

या दारातून परतलेल्याला दुसरे दार फार सहज उघडते. दलाल घरी येतो, किरकोळ रक्कम घेतो आणि 'सभासद' करून ठेवीची पावती देतो. राजस्थानने याचे फळ भोगले आहे. सिरोहीत उगम पावलेली आदर्श क्रेडिट सोसायटी आणि बाडमेरची संजीवनी या दोन्ही बहुराज्य सहकारी संस्था होत्या. त्यांत लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. संजीवनीवर राज्य पोलिसांच्या स्पेशल ऑपरेशन्स ग्रुपने २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही.

म्हणून संस्था शोधणाऱ्याने व्याजाचा दर विचारण्याआधी आपण कोणत्या प्रकारचे सभासद होणार, हे विचारावे. भाग घेतलेल्या सभासदाला एक मत असते, मग त्याचे भाग कितीही असोत. नाममात्र सभासदाला मत नाही, नफ्यात वाटा नाही. मत न देता पैसे घेणारी संस्था सहकाराच्या पाटीआडची सावकारीच होय.

महाराष्ट्राचा १९६०चा कायदा खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मानतो. पुरेशा कारणाविना पात्र व्यक्तीला नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील आहे. परंतु हे सारे संरक्षण पोटनियमांनी ज्याला पात्र ठरवले त्यालाच. कंत्राटी कामगार तेथेच गळतो.

कपात कोण करणार, हा आक्षेप खरा आहे, कारण कंत्राटदार बदलतो आणि हप्ता बुडतो. पण कंत्राटदार बदलला तरी पुष्कळदा कामगार तोच, फाटकही तेच असते. आठवड्याची रोख बचत, लहान कर्ज, आणि एक जामीनदार कायम नोकरांपैकी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पोटनियम-दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत संमत होऊन निबंधकाकडे नोंदला जावा लागतो. महाराष्ट्रात वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत भरते. पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर बसलेल्या युनियनच्या कार्यकर्त्यांनी हा ठराव यंदाच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.