घाटकोपरची पोरं दाखल्यासाठी आपल्या तालुक्यात का येतात?

जून-जुलै आला की तहसील कार्यालयाच्या आवारात मुंबईचे चेहरे दिसायला लागतात. गेल्या हंगामात मी खताच्या कामाला गेलो होतो, तिथं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातलं एक पोरगं भेटलं. त्याचा आजोबा 1972 च्या दुष्काळात आपल्या भागातून मुंबईला गेला. पोराचा जन्म तिथलाच, शिक्षण तिथलंच. मग इकडं कशाला? तर जातीच्या दाखल्याला.

नियम असा आहे की अनुसूचित जातीचा दाखला 10 ऑगस्ट 1950 रोजी कुटुंब जिथं राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयातून घ्यायचा. त्यामुळं पन्नास वर्षं मुंबईत काढली तरी कागदाला गाव सुटत नाही.

त्याच्या पिशवीत तीन कागद होते. आजोबाच्या शाळेचा 1948 चा उतारा, त्यात जात 'महार'. बापाचा मुंबईच्या शाळेचा दाखला, त्यात 'हिंदू महार'. आणि ह्याच्या टीसीवर नुसतं 'बौद्ध'. घर एकच, पिढ्या तीन, नोंदी तीन. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "नक्की कोण तुम्ही?" पोरगं गप्प राहिलं. बरोबरच आहे, एका शब्दात काय सांगणार.

ही गुंतागुंत पोराच्या घरच्यांनी केलेली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला, त्यांच्यामागं गावोगावचे लोक बौद्ध झाले. पण 1950 च्या आदेशात अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले होते. शीख 1956 साली आले. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला 1990 उजाडलं. म्हणजे चौतीस वर्षं धर्म सांगितला की केंद्राची सवलत जायची. मग कुणी शाळेत जुनीच नोंद ठेवली, कुणी ठामपणे 'बौद्ध' लिहिलं. बौद्ध हा धर्म आहे, यादीतली जात नाही. दाखल्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतोच. जी जात सोडायला धर्म बदलला, तीच सिद्ध करायला पुन्हा गावात यायचं!

मुंबईत ह्या लोकांची ओळख काय, हे समजायला 11 जुलै 1997 आठवावा लागतो. रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. लोक हायवेवर उतरले. राज्य राखीव दलानं गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यांतल्या कित्येकांची मुळं आपल्यासारख्याच गावांत होती. गोळी लागताना कुणी दाखला मागितला नव्हता.

आता मुद्दा 2027 च्या जनगणनेचा, कारण तो तुमच्या-आमच्या घरापर्यंत येणार आहे. ह्या वेळी सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे. 2011 ला देशात 84 लाख 43 हजार बौद्ध मोजले, त्यातले 65 लाख 31 हजार एकट्या महाराष्ट्रात. वस्त्यांत वाद चालू आहे. काही म्हणतात धर्म बौद्ध सांगा, जात सांगूच नका, ती आपण सोडली. काही म्हणतात जात नाही सांगितली तर अनुसूचित जातीचा आकडा कमी होईल, आणि राखीव जागा त्याच आकड्यावर ठरतात. मला दुसरं म्हणणं पटतं. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात मूळ जात, असं लिहिलं तर कायद्यानं काही बिघडत नाही, 1990 पासून दोन्ही एकत्र चालतं. पहिलं म्हणणाऱ्यांची कळ मात्र मी समजू शकतो. ती कागदावर मावणारी नाही.

अजून एक. मुंबईत राहणाऱ्या भावकीची नावं गावातल्या मोजणीत घालू नका. माणूस राहतो तिथंच मोजला जातो.

आणि गावातल्या लोकांनी एवढं करावं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर सख्ख्या चुलत आजोबाचा उतारा चालतो, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद चालते. आपल्याकडं निजामाच्या काळातले कागद उर्दू-मोडीत आहेत, ते वाचणारी म्हातारी माणसं कमी होत चालली. शाळेची जुनी रजिस्टरं वाळवी खातीय. मुख्याध्यापकांना सांगून त्यांचे फोटो काढून ठेवा.

त्या पोराला शेवटी चुलत आजोबाच्या मुलानं शपथपत्र करून दिलं. दोघं त्या दिवशी पहिल्यांदाच भेटले.